दोन नंबरची दोरी की तीन नंबरची

८ सप्टेंबर
धनेशचं पार्सल आलं. त्याचा एक मित्र कॅनडातल्या कॅलगरीहून सुट्टीवर आला, तो कर्जतला आमच्या दहिवलीपर्यंत येऊन देऊन गेला. आत मासे धरायची काठी. फ्लाय रॉड म्हणतात. रीळही आहे. काठी इतकी हलकी की आमच्या हिने, नंदाने विचारलं, पडद्याची का? चिठ्ठी नव्हती. बाप-लेकात चिठ्ठी लागत नाही. एरवी फोनवर आमचं हवामानापलीकडे बोलणं जात नाही, आता विषय मिळाला. डिसेंबरअखेर तो येतोय. कशेळ्याच्या पुढे डोंगरातून ओढा येतो, तिथे दोघं जाऊ. ठरलं.
फक्त दोरी नाही. ती आपली आपण निवडायची असते. उद्या ऑर्डर करून टाकतो.

९ सप्टेंबर
ऑर्डर केली नाही. दोऱ्यांना नंबर असतात. यात गळाला वजन नसतं, नुसती पिसांची खोटी माशी बांधायची. वजन असतं ते दोरीचंच. म्हणजे दोरी चुकली की सगळं चुकलं. रॉडवर ३ लिहिलंय. पण यूट्यूबवर एक अमेरिकन म्हणतो, लहान ओढ्यावर २ नंबर वापरा, पाण्यावर अलगद पडते, मासा बिचकत नाही. घाई नको. निवृत्त माणसाला घाई शोभत नाही.

१७ सप्टेंबर
दुसरा अमेरिकन म्हणतो, ४ घ्या. लहान ओढ्यात दोरी थोडीशीच बाहेर असते, तेवढ्याने रॉड वाकतच नाही. त्याचंही पटलं. दोघांना कमेंट टाकली. उत्तर नाही. तिकडे रात्र असेल.

२६ सप्टेंबर
पोपट आला होता. शाळेतला सोबती, कडावला भातशेती आणि म्हशी. रॉड हातात धरून म्हणाला, "अरं, तंगूस बांध न् चल. वढ्याला पाणी हाय तंवर मासा हाय." त्याला समजावलं, तंगूस म्हणजे साधा नायलॉनचा दोरा, इथे चालत नाही. तो "बरं बाबा" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. नव्या गोष्टी आपल्याकडे रुजायला वेळ लागतो.

४ ऑक्टोबर
गच्चीवर सराव. दोरीऐवजी सुतळी. मागे नेताना शेजारच्या भाग्यश्रीवहिनींच्या डिशच्या वायरीत अडकली. ओढली. त्यांची मालिका बंद. वहिनी जिन्यात म्हणाल्या, "भावजी, खाली एवढी उल्हास नदी वाहतेय, आणि तुम्ही गच्चीवर कसला मासा धरताय?" हात मागे नेण्याची लय मात्र सुरेख जमली होती. ते कोणी पाहिलं नाही.

१९ ऑक्टोबर
नंदा म्हणाली, व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचंय, येता का? आजच नेमका मी 'डबल टेपर'वर पोचलो होतो. म्हणजे दोन्ही टोकं निमुळती, एक झिजलं की दोरी उलटी करायची. वाचन मोडवेना. म्हटलं, भाचीला ने. समिधा तयार झाली. सुनेचे, म्हणजे रियाचे, फेब्रुवारीत दिवस भरतात म्हणे. व्हिसा वगैरे बायका आधीच करून ठेवतात, लागो न लागो.

२ नोव्हेंबर
निर्णय झाला. ३ नंबर, डबल टेपर. रॉडवर लिहिलंय तेच. आता फक्त रंग. शेवाळी की नारिंगी? शेवाळी माशाला दिसत नाही. पण मलाही दिसणार नाही.

६ नोव्हेंबर
रंग विचारायला धनेशला फोन. मीटिंगमध्ये होता. नंतर मेसेज आला: कुठलाही चालेल बाबा. एवढा विश्वास हल्लीची मुलं वडिलांवर टाकत नाहीत.

२३ नोव्हेंबर
ओढा बघायला गेलो. कशेळ्यापर्यंत एसटी, पुढे जीप, मग चालत. ओढ्यात पाणी घोट्याइतकं. वाडीवरची एक बाई, हिरू, कपडे धूत होती. टेप लावून मी रुंदी मोजतोय हे बघून तिने विचारलं, नळाचे साहेब का? कधी येणार नळ? म्हटलं, नाही, मी माशांसाठी आलोय. ती पुन्हा कपड्यांकडे वळली.
मुद्दा असा, की पाणी उथळ म्हणजे मासा भित्रा. म्हणजे २ नंबरच बरोबर होता. वेबसाइटच्या कार्टमधली ३ नंबरची काढून टाकली.

१२ डिसेंबर
ऑर्डर दिली. २ नंबर, डबल टेपर, शेवाळी. परदेशातून येणार. तीन महिने अभ्यास केला त्याचं समाधान वेगळंच. नंदा डिंकाचे लाडू करतेय, दोन जाड स्वेटर आणलेत. थंडी यंदा कर्जतलाही बरी पडेल म्हणतात.

२८ डिसेंबर
धनेश आला. डोळ्यांखाली काळं. दोरी कस्टममध्ये अडकलीय. त्याला म्हटलं, थांब, मजा आहे. तो झोपला.

२ जानेवारी
दोरी आली. लगेच रिळावर गुंडाळली आणि धनेशला घेऊन निघालो.
ओढा नव्हता. नुसते दगड. डोहाच्या जागी चिखल आणि गुरांचे पाय उमटलेले. दोघं एका खडकावर बसलो. मी म्हटलं, दोरी तर बघ, केवढी हलकी.
त्याने बोटात धरून बघितली. म्हणाला, "बाबा, एवढं कशाला केलंत? मी मासे धरणं केव्हाच सोडलं. बाळासाठी खोली रिकामी करत होतो. मित्र इकडे येतच होता. म्हटलं, फेकण्यापेक्षा बाबांना देऊ."
मी विचारलं, मग आता तुला काय आवडतं?
त्याने बराच विचार केला. "झोप," म्हणाला.
हसलो दोघंही. मी जरा जास्तच.
मग म्हणाला, "आईला आठ तारखेला नेतोय. सहा महिने. तिने सांगितलंय ना तुम्हाला?"
म्हटलं, हो तर.
त्याला वाईट वाटलं असावं. एकदा फेकून दाखवा म्हणाला. फेकली. समोरच्या दगडांत अडकली. तो उठला, उन्हात वाकून ती सोडवली आणि हातावर गुंडाळत परत आला. लहानपणी पतंगाचा मांजा असाच आणायचा. जीप निघून जाईल म्हणाला.

४ जानेवारी
नंदाला विचारलं, मला कधी सांगितलंस? म्हणाली, "चारदा. तुम्ही हूं म्हणालात." मी येऊ का, विचारलं. धनेशच म्हणाला, "बाबा, घर लहान आहे आणि तिकडे उणे वीस असतं. पुढच्या वेळी बघू." बघू म्हणाला. नाही म्हणाला नाही.

८ जानेवारी
दोघं गेली. विमानतळावर आत सोडत नाहीत. काचेतून नंदाने हात केला, तो मलाच होता.

९ जानेवारी
भात लावला. पाणी किती घालायचं ते विचारायला नंदाला फोन केला. लागला नाही. अंदाजाने घातलं. कमी पडलं. खालचा करपला, वरचा कच्चा.
पोपटला जेवायला बोलावलं. म्हणाला, "आज नाय जमत रं."
बरंच झालं. दोघांना पुरलाच नसता.