गच्चीवरची लिंबाची कुंडी

प्रिय पर्पेच्युआ,

काल तू दारात उभी राहून गच्चीवरची लिंबाची कुंडी मागितलीस आणि मी पाठ फिरवून आत निघून गेले. तुला वाटलं असेल, मीनाक्षीला एका कुंडीचा मोह सुटत नाही. तसंच समज. शनिवारी तुझा टेम्पो येणार, तू गिरगाव सोडून लेकीकडे, जोॲनाकडे वसईला कायमची राहायला जाणार, आणि जाताना माझ्या नवऱ्याच्या हातचं झाडही नेणार. मला राग आला.

हा राग जुना आहे. रिटायर झाल्यापासून ह्यांची सकाळ गच्चीवरच जायची. जन्मभर कीटकनाशकांच्या कंपनीत बिलं केली, पण स्वतःच्या कुंड्यांवर कधी औषधाचा थेंब मारू दिला नाही. घरात ‘भाजीत मीठ कमी आहे’ एवढंच बोलणारा माणूस वर तुझ्याशी मावा नि भुंगे ह्यांवर तासन्‌तास बोलायचा. खाली गॅलरीत कपडे वाळत घालताना मला तुमचं हसणं ऐकू यायचं. संशय नव्हता गं, तेवढी मी मूर्ख नाही. पण किड्यांत हसण्यासारखं काय असतं, हे मला कधी कुणी सांगितलं नाही.

हे गेल्यावर मी वर्षभर वर फिरकले नाही. पाणी तूच घातलंस. गेल्या महिन्यात आले तर लिंबाच्या कोवळ्या पालवीवर रस शोषणारा मावा माजलेला, आणि त्यात काळे, काटेरी किडे फिरतायत. मी फवाऱ्याची बाटली उचलली, तर तू माझं मनगटच धरलंस. “अगो, मारू नको! ती ढालकिड्याची पोरं. मावा खातात. रघू असता तर ओरडला असता तुला!” माझा नवरा काय म्हणाला असता, हे तू मला सांगत होतीस. आणि वर रघू! मी जन्मात ‘अहो’च्या पुढे गेले नाही.

त्याच दिवशी ग्रंथालयात गेले. माझी शाळा आठवीत सुटली, वाचन नाही सुटलं. फळझाडांच्या किडींवरचं पुस्तक आणून वाचलं, तू चुकलेली सापडावीस म्हणून. तू बरोबर निघालीस. ढालकिडा म्हणजे तो लाल, ठिपकेवाला भुंगा; त्याची पिल्लं आईसारखी दिसत नाहीत, म्हणून माणसं त्यांनाच मारतात. पण एक गोष्ट मलाही सापडली. मावा गोड रस सोडतो, त्या लोभाने मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हाकलतात. मी कुंडी विटांवर चढवली, विटा पाणी भरलेल्या परातीत ठेवल्या, भिंतीला टेकलेली फांदी छाटली. मुंग्या बंद! हे तुझ्या रघूने सांगितलं होतं का तुला? नाही ना? मला फार बरं वाटलं. मग हे सांगायचं कुणाला, म्हणून तुझ्याच दाराशी आले. तू भांडी खोक्यात भरत होतीस. तशीच परत फिरले.

तर कुंडी ने. पण शनिवारी नाही. ती पोरं आता पानांना चिकटून कोशात गेली आहेत, टेम्पोच्या धक्क्यांनी गळून पडतील. त्यांचे भुंगे होऊन उडेपर्यंत थांब. जोॲनाला मी समजावते. तोवर रोज वर ये, मीही येते. हे काय काय बोलायचे ते सगळं सांग, मला आवडो न आवडो. माझ्याशिवाय त्यांची आठवण काढणारी ह्या चाळीत तू एकटीच उरलीस, पर्पेच्युआ. तूही गेलीस तर मी जळायचं तरी कुणावर?

राग अजून न गेलेली,
तुझीच,
मीनाक्षी