मामांच्या गाडीची हजामत

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी चेंडूचा नमस्कार. दोन्ही चरणांना सारखाच, पण डाव्याला जरा जपून.

गुडघा कसा आहे? मावशीने आईला कळवलं की परवा तुम्ही काठी न घेता फाटकापर्यंत जाऊन आलात. मामा, हे बरोबर नाही. गुडघ्याला घाई चालत नाही (मी यावर बरंच वाचलं, आणि जितकं वाचलं तितकी माझी झोप उडाली). मावशीचं घर तळमजल्यावर आहे, हवा चांगली आहे, तेव्हा मनसोक्त राहा. इकडे सगळं ठीक. आईची पाठ, बाबांचा स्वभाव आणि दुकानातला पंखा तुम्ही गेलात तेव्हा होते तसेच आहेत. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही मध्येच बोलता, आणि ही हकिगत अर्धी ऐकून रागावण्यासारखी नाही. पूर्ण ऐकून रागावण्यासारखी आहे.

विषय तुमच्या गाडीचा. (लोक विचारतात की मामा कसे पडले, आणि मला खरं सांगावं लागतं की रिमोटच्या गाडीमागे धावताना. मग ते विचारतात की फार वेगात होती का. दगडांवर चढणारी ती गाडी मुंगीला पुढे जायला वाट देते, हे सांगताना मला तुमच्यासाठी वाईट वाटतं.) जाताना तुम्ही मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, रविवारी क्लबच्या मैदानावर गाडी तू चालव आणि ती कशीही करून शेवटच्या दगडापलीकडे ने, नाहीतर अंतिम फेरीतून नाव कटेल. दुसरी, गाडीला हात लावू नकोस, फक्त त्या टायरांचं काहीतरी बघ. हात न लावता टायरांचं काय बघायचं याचा मी खूप विचार केला. शेवटी हातमोजे घातले.

टायर खरंच वाईट होते. कंपनीने गाडीबरोबर दिलेलं ते रबर म्हणजे जुन्या चपलेचा तळवा. वरचे उंच ठोकळे, ज्यांना तुम्ही दात म्हणता, इतके दाटीने बसवलेले की दगडाला एकही धड चावत नव्हता. गाडी चढणीवर जागच्या जागी चाकं फिरवायची आणि मग लाजून खाली यायची. तुमच्या गटात कंपनीचेच टायर लागतात, पण ते कापलेले चालतात की नाही हे नियमात स्पष्ट नव्हतं, म्हणून मी पंचांना फोन केला. मग त्यांचं उत्तर मला नीट कळलं ना, हे विचारायला परत केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा ते म्हणाले, "अहो, कापा, उकडा, फोडणी द्या. फक्त बाहेरून काही आणून लावू नका, आणि मला जेवू द्या."

उकडायचं मला सुचलं नव्हतं, पण ते बरोबर निघालं. टायर रिमला गोंदाने पक्के चिकटवलेले असतात आणि उकळत्या पाण्यातच सुटतात. मी मोठं पातेलं घेतलं. ते दुधाचं होतं हे मला माहीत होतं, पण धुऊन ठेवायचं असं मी मनाशी ठरवलं होतं आणि तीनदा धुतलंही. तरी दुसऱ्या दिवशी चहाचा पहिला घोट घेऊन आई म्हणाली, "पंक्चर कुणाचं काढलंस?" तुमचं नाव सांगितल्यावर ती तुमच्याबद्दल जे बोलली ते सख्ख्या बहिणीला शोभणारं होतं, म्हणून इथे लिहीत नाही.

टायर सुटल्यावर आतला स्पंज कडेने थोडा छाटला, म्हणजे टायर दगडावर दबून बसेल. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. मग दात विरळ करायची वेळ आली, आणि त्या दिवशी दुकान बंद होतं, म्हणजे बाबा मोकळे होते.

तुमचे मेहुणे न्हावी आहेत हे तुम्हाला सांगायला नको. त्यांनी पहिला टायर खुर्चीच्या हातावर ठेवला, खाली पांढरं कापड अंथरलं, सवयीने पाण्याचा फवारा मारला आणि त्याला विचारलं, "मागून किती ठेवू?" एक सोडून एक दात कापला, उरलेल्यांना वस्तऱ्याने बारीक चीर दिली. मामा, तो टायर इतका देखणा झाला होता की तिथेच थांबलो असतो तर हे पत्र अर्ध्या पानाचं झालं असतं. पण दुसरा टायर कणभर आखूड झाला. ते मीच दाखवून दिलं. आमच्या घरात मी बोलायला शिकायच्या आधी हे शिकले आहे की एक बाजू जास्त ठेवून गिऱ्हाईक दाराबाहेर पाठवायचं नाही. म्हणून पहिला दुसऱ्याएवढा केला. मग तिसरा त्या दोघांहून उतरता वाटला, म्हणून ते दोघे तिसऱ्याएवढे. चौथा मी धरून ठेवला होता, तो ऐन वेळी निसटला. (शाळेतल्या पहिल्या फोटोच्या आदल्या दिवशी माझ्या दोन वेण्या बाबा असेच सारख्या करत बसले होते, आणि संध्याकाळी तुम्ही मला चेंडू म्हणायला लागलात. तरीही आम्हाला दोघांनाही वेळीच काही आठवलं नाही.) शेवटी चारही टायर अगदी सारखे झाले. एकावरही दात नव्हता. बाबांनी ब्रशने झटकलं आणि मागे छोटा आरसा धरून टायरला टायर दाखवला.

दुसरे टायर आणणं नियमात बसत नव्हतं, न जाणं तुमच्या नावाला परवडत नव्हतं. रविवारी तीच गाडी घेऊन गेले. ते चष्मेवाले, ज्यांची गाडी त्यांच्या दुकानापेक्षा महाग आहे, वाकून म्हणाले, "मामांवर गेली की हो." सगळे हसले. मीही थोडी हसले, त्याबद्दल माफी असावी. नंतर मला शंका आली की एवढे कापलेले टायर कंपनीचे तरी राहिले का, म्हणून मी स्वतःहून पंचांपुढे कातरणाची पिशवी ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी पिशवीत हात घालून पाहिलं आणि म्हणाले, "बाहेरून आणलेलं काही नाही. घरातलंच नुकसान आहे. चालवा."

दगड कोरडे आणि गुळगुळीत होते. दातवाल्या गाड्या दातांच्या टोकांवर उभ्या राहत होत्या, उंच टाचा घालून ओल्या फरशीवर उभं राहावं तशा. आपली टकली मात्र पालीसारखी चिकटली. मी रिमोट इतक्या भीतभीत दाबत होते की मध्येच बंद पडली असं लोकांना वाटलं. पण गेली, मामा. शेवटच्या दगडापलीकडे गेली. तुमचं नाव कटलं नाही.

तरीही परवानगी न घेता टायर भादरले ही चूक आमचीच. द्याल ती शिक्षा कबूल आहे. मावशीला नमस्कार, गुडघ्याला आराम.

तुमची आज्ञाधारक,
चेंडू

ता. क. : लिहायचं राहिलं. गाडी पहिली आली. चष्मेवाल्यांची दुसऱ्याच दगडावर उताणी पडून चाकं हलवत होती. मी त्यांना तुमच्या वतीने काही बोलले नाही. बाबा बोलले.

आणखी ता. क. : पंचांनी सांगितलं की अंतिम फेरी पुढच्या महिन्यात आहे, आणि मूळ मालक स्वतःच्या पायांनी मैदानावर आला तर गाडी त्यानेच चालवायची. नाही आला तर मागच्या फेरीत जिने चालवली तिनेच. हे त्यांच्याकडून मी दोनदा विचारून घेतलं. मला स्वतःला काहीच इच्छा नाही, मी फक्त रोज संध्याकाळी जिन्यावर थोडा सराव करते. तेव्हा वर गुडघ्याबद्दल लिहिलं ते कृपया पुन्हा एकदा वाचावं. काठी जागेवर दिसली नाही तर मावशीवर चिडू नका, मी तिला वेगळं लिहिलं आहे. उजवा गुडघाही आत्ताच दाखवून घ्यावा आणि गरज पडल्यास तोही बांधून घ्यावा, असं बाबांचं मत आहे. दोन्ही बाजू सारख्या दिसतील.