इंजिन रुळेपर्यंत

११ मार्च २००१, रविवार
दिवाळीनंतर वही आजच उघडतो आहे. वहीची माफी मागतो. उशिराची कारणं लिहायला बसलो तर पानभर कारणंच होतील, म्हणून तीही राहू देत.

अण्णांच्या फियाटचं इंजिन बांधून आलं. अण्णांचं लायसन ३१ तारखेला संपतंय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय की पुढच्या वेळी सही मिळणार नाही. त्याआधी एकदा स्वतः गाडी चालवत त्र्यंबकेश्वरला, आपल्या जन्मगावी, जाऊन यायचं, एवढीच अण्णांची इच्छा. वडिलांनी माझ्याकडे दुसरं काही कधी मागितलेलं आठवत नाही. तेव्हा हे होणार म्हणजे होणारच.

राहिलं फक्त तेल. मेकॅनिक कोंडाजीने गाडी घरापर्यंत यावी म्हणून काहीतरी 'टेंपररी' ऑइल भरलंय. नव्या इंजिनात टेंपररी! बुधवारपर्यंत निर्णय.

१४ मार्च, बुधवार
लायब्ररीतून मोटारीवरचं पुस्तक आणलं. मी बी.एस्सी. फिजिक्स, घर्षण समजतं. पिस्टनच्या नव्या रिंगा सिलिंडरला थोड्या घासल्या तरच नीट बसतात. तेल फार निसरडं असेल तर घासतच नाहीत, फार पातळ असेल तर नको तेवढ्या घासतात. पुढच्या परिच्छेदात ओझं, चढ वगैरे आहे. आपला प्रश्न तेलाचा, म्हणून तो सोडला.

श्यामलाला म्हटलं, इंजिन रुळेपर्यंत योग्य तेल हवं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मी या घरात रुळले तेव्हा कोणतं घातलं होतंत?" मी म्हटलं, ते वेगळं. "वेगळं कसलं? सासूबाईंनी एरंडेल पाजलं होतं." यावर संशोधन करण्यासारखं काही नाही.

निर्णय शनिवारपर्यंत.

१७ मार्च, शनिवार
निर्णय झाला. साधं मिनरल ऑइल. सिंथेटिक नाही, वर कसली औषधाची पुडी नाही. हाफ डे होता, द्वारका चौकाजवळच्या दुकानात गेलो. दुकानदाराने डबा काउंटरवर ठेवला आणि माझ्या लक्षात आलं, आज शनिवार. शनिवारी घरात तेल आणत नाहीत. माझा अर्थातच विश्वास नाही. पण अण्णांना काय वाटेल?

अण्णांना वाटलं ते असं: "अरे, ते खायच्या तेलाला. मोटारीला कुठला शनी?"

मग रिकाम्या हाताने परतलो तो अण्णांसाठी की माझ्यासाठी? प्रामाणिकपणे विचार केला. तेल मंगळवारी आणायचं ठरवलं.

नवं इंजिन नुसतं पडून राहू नये म्हणून रोज सकाळी अर्धा तास उभ्या उभ्या चालू ठेवतो. अगदी हळू. त्याला त्रास नको.

२० मार्च, मंगळवार
तेल आणलं. डब्यावर 'सर्व ऋतूंसाठी' लिहिलंय. जो सगळ्यांचा असतो तो कुणाचाच नसतो. अजून भरलं नाही.

अण्णांनी गाडी पुसली. मग बराच वेळ आत बसून गियर टाकत होते. गाडी बंदच होती.

२६ मार्च, पाडवा
मुहूर्तावर तेल भरलं! अण्णा टोपी घालून सकाळपासून तयार. गाडीला झेंडूचा हार. फाटक उघडताना नेहमीसारखं किंचाळलं, एवढंच काय ते अमंगळ.

पण एकदम त्र्यंबक नको, असं मला ऐनवेळी वाटलं. आधी कॉलनीत रुळवू. स्टिअरिंगवर मी, अण्णा शेजारी. वीसच्या वेगाने इंदिरानगरात फेऱ्या. अण्णा म्हणाले, "पालखी काढलीय का?" मागून नवसाबाई भाजीची हातगाडी ढकलत आली. "ओ सायेब, चालवा नायतर बाजूला व्हा. मेथी सुकून जाईल माझी." बाजूला झालो. ती पुढे गेली.

अण्णांनी हार काढून देवाला घातला.

३० मार्च, शुक्रवार
निळा धूर. इंजिन तेल पितंय. कोंडाजीने वास घेतला, म्हणाला, "रिंगा बसल्या नाय साहेब. परत खोलावं लागंल." दोष त्याच्या टेंपररी ऑइलचा, हे मी त्याला सौम्य शब्दांत सांगितलं. त्यानेही काहीतरी सौम्य शब्दांत सांगितलं, ते स्कूटरच्या आवाजात ऐकू आलं नाही.

३१ मार्च, शनिवार
सकाळी अण्णा म्हणाले, "धूर तर धूर. मी चालवतो, चल." मी म्हटलं, या अवस्थेत नेली तर इंजिन कायमचं जाईल. ते म्हणाले, "बरं." मग श्यामलाला घेऊन सीबीएस स्टँडवरून एसटीने त्र्यंबकला गेले.

घरी एकटाच. पुस्तक सोमवारी परत करायचंय, म्हणून तो सोडलेला परिच्छेद वाचला. नवं इंजिन उभ्या उभ्या चालवत ठेवू नये. रिंगा भाराखालीच बसतात. गाडी माणसं बसवून, चढ-उताराच्या रस्त्याने, थांबत थांबत तीसेक किलोमीटर न्यावी. तेल कुठलंही साधं चालेल.

दोनदा वाचला. त्र्यंबकचा रस्ता दुसरा काय आहे?

संध्याकाळी अण्णा आले. प्रसन्न होते, तेच जास्त लागलं. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली म्हणे. "बेट्याने चढावर गियर फार लवकर बदलला." गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मी परिच्छेदाचं सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "ते तुझं तेल उरलंय ना? फाटकाला घाल. मघाशी फार ओरडलं."

म्हटलं, आज शनिवार.

उद्या: फाटकाला तेल.