मूठ मिटत नाही

२ ऑगस्ट
मूठ मिटत नाही! उजव्या हाताची बोटं सकाळी टम्म फुगलेली. कोमट पाण्यात हात बुडवून बसले. तरी आखाड्यात गेलेच. मुलींना दांडपट्टा शिकवायला लागल्यापासून एक खाडा नाही माझा. विसर्जनाच्या मिरवणुकीत माझ्या पोरी पट्टे फिरवत निघाल्या की लहरीपुऱ्यातले दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर येतात. आहे बडोद्यात असं दुसरं पथक? नाही!

७ ऑगस्ट
संधिवाताचे डॉक्टर धवल. रक्ताचे रिपोर्ट बघून म्हणाले, तुमचं शरीर तुमच्याच सांध्यांवर उलटलंय, अंगभर सूज आहे. गोळ्या लिहिल्या. मग विचारत बसले— झोप? भूक? चिडचिड? म्हटलं, पट्टा शिकवते, ओरडू नको तर काय अंगाई गाऊ? हसले. आणि लगेच, सरळ—
"बेन, जगणं नकोसं वाटतं का?"
म्हटलं, आम्ही लष्करी घराण्यातले.
खोटं बोलले. कितीतरी दिवस रोज पहाटे वाटतं, आता उठूच नये. संपावं सगळं. पण शिर्क्यांच्या लेकीनं असलं रडगाणं गायचं? छे!

८ ऑगस्ट
बाबांना फक्त सांध्यांचं सांगितलं. म्हणाले, आपल्यात हाडं दुखतात, मन नाही दुखत. ऐंशी उलटली तरी पाठीचा कणा ताठ! त्यांचा हाच ताठा मला आवडतो. आज नाही आवडला.

१८ ऑगस्ट
पट्टा फिरवताना मूठ सुटली. पातं अस्मिताच्या खांद्याजवळून गेलं. माझी सगळ्यात तयार पोर! थोडक्यात वाचली.
रिक्षात वाटलं, आता माझा कुणाला उपयोग नाही, आपण नसलेलंच बरं. आणि असं वाटल्यावर एकदम हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याचीच भीती वाटली. रिक्षा वळवायला लावली, थेट धवलांकडे. पेशंट बसलेले, तशीच आत शिरले. म्हटलं, तुम्ही विचारलंत ना? हो. वाटतं.
त्यांनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाले, अंगात सूज फार दिवस राहिली की तिचा त्रास मेंदूलाही होऊ शकतो. सगळ्यांनाच होतो असं नाही, पण सांध्यांच्या पेशंटमध्ये उदासी बरीच दिसते. वर दुखणं, अपुरी झोप. हा भित्रेपणा नाही बेन, आजार आहे, आणि दोन्हींवर उपचार आहेत. वरच्या मजल्यावर मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई, त्यांच्याकडे स्वतः घेऊन गेले. त्या म्हणाल्या, सध्या एकटं राहायचं नाही, घरी कुणाला तरी सांगा. बाबांना फोन मीच केला.
बाबा न्यायला आले. रात्री त्यांनी आपली खाट माझ्या दाराशी ओढली.

२५ ऑगस्ट
मुलींना सांगून टाकलं— बाई आजारी आहेत, हातानं आणि मनानंही. अस्मिता म्हणाली, "पट्टे आम्ही फिरवू. तुम्ही फक्त ओरडा."
मेली! डोळे भरून आले.

६ सप्टेंबर
मिरवणूक. पोरी अशा काही फिरल्या, अशा फिरल्या! मी पुढे, रिकाम्या हातांनी, घसा बसेपर्यंत ओरडत. बोटांची सूज थोडी उतरलीय. पहाटेचं ते वाटणं अजून येतं, रोज नाही. आज भूक लागली. दोन पुरणपोळ्या!

८ सप्टेंबर
आज डॉक्टरीणबाईंची वेळ होती. बाबा चपला घालून तयार. म्हटलं, बाबा, आता सोबत नको, मी जाते एकटी.
"सोबतीला नाही येत," म्हणाले. "माझाही नंबर लाव. तुझी आई गेल्यापासून मलाही तसंच वाटतं."
बापाचा एवढा अभिमान मला जन्मात वाटला नव्हता.
दोन नंबर लावले.