नकाशात नसलेली राई

ता. ३ फेब्रुवारी १९३६, सोम.
भोर. संस्थानच्या कायदेसभेत नळाचा कायदा पास. आमच्या डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी भोरात येणार. येऊ दे, उन्हाळ्यात इथल्या बायकांचे हाल मीही पाहिलेत. पण नळ देवीच्या राईतून सरळ नेणार होते! पंधरा दिवस भांडलो तेव्हा कुठं माझं कलम घेतलं: 'राईच्या हद्दीत खोदू नये, नळ वळसा घालून न्यावा.' शेजारचे वकील सभासद हसले, "मास्तर, झाडांसाठी एवढा घसा कोरडा?" गावानं काय नुसती मान डोलवायला पाठवलंय मला?

ता. ९, रवि.
गावी. देवळात कलम वाचलं. राईत लोखंड न्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. धोंडआबा धनगर सत्तरीतसुद्धा मेंढरांमागं जाताना कुऱ्हाड हद्दीवरच्या शेंदऱ्या दगडापाशी ठेवूनच आत शिरतात. म्हणाले, "म्हंजी आता सरकारबी लोखंड भायेर ठेवणार व्हय?" व्हय म्हटलं. छाती फुगली होती, खोटं कशाला लिहू.

ता. १७, सोम.
संताप संताप! ओव्हरसियरनं खुंट्या ठोकल्या त्या थेट राईतून. जाब विचारला तर नकाशा पसरला. "ही बघा तुमची राई. देवळाभोवतीचे चार गुंठे. बाकी गायरान. कायदा तुमचाच आहे, मास्तर."
चार गुंठे! कुठल्या गाढवानं दाखवली ही हद्द?

ता. १८, मंगळ.
भोरात मोजणीचं जुनं दप्तर काढायला लावलं. हद्द दाखवणारा, गावचा पाटील. म्हणजे माझे वडील. खाली त्यांची मोडी सही.
परत येऊन धोंडआबांना गाठलं. "एकल्या पाटलांनी न्हाई, समद्यांनी केलं. राई म्हटली की जंगलखातं येणार, मेंढरं बंद. मोजणीवाल्याला दिसू नये म्हून शेंदऱ्या दगडावर म्याच पाला टाकला. राई वाचावी म्हून केलं, मास्तर."
ओरडू कुणावर? वडील गेले. आणि मी कायदा करणारा दीडशहाणा, कलम लिहिताना नकाशा एकदाही उघडला नाही. राई कुठवर ते सगळ्यांना ठाऊकच आहे, म्हणे!

ता. २१, शुक्र.
मोजणी कचेरी. तिथला कारकून म्हणाला, "दुरुस्ती हवी? मग हद्द खोटी दाखवली होती असा अर्ज द्या. फेरमोजणी होईल, गायरानासकट." म्हणजे चराईवरही गदा. अहो, नळाला दोनशे पावलं वळसा द्यायला काय धाड भरलीय?
अर्ज देणार म्हणून आईला सांगितलं. "मेलेल्या माणसाला खोटं ठरवतोस?" तेव्हापासून अबोला.

ता. २२, शनि.
खोदणारे आले. शेजारच्या उत्रोलीचे. शेंदऱ्या दगडापाशी धोंडआबांची कुऱ्हाड होती. मुकादमानं ती पाहिली आणि आपली पहार शेजारी ठेवली. मग एकेक करून टिकाव, फावडी, सगळा ढीग तिथंच. ओव्हरसियर नकाशा नाचवत ओरडतोय, "हद्द इथं नाही!" मुकादम म्हणाला, "सायेब, हद्द आमाला ठावं हाय. नखांनी खणू का?"
सोमवारी दुपारपर्यंत मुदत. मग घाटाखालची माणसं आणणार म्हणे, त्यांना या राईचं काय?

ता. २३, रवि.
अर्ज तयार. 'माझ्या वडिलांनी हद्द खोटी दाखवली.' धोंडआबा म्हणाले, "माजंबी नाव घाला." अंगठा उठवला. मग हळूच, "अन् मेंढरं?"
"ठाऊक नाही, आबा."
माझी सही राहिलीय. आई दौत उचलून आत घेऊन गेली. हे शिसपेन्सिलीनं लिहितोय.