चौथं कडवं

अण्णा, आपला अल्बम शुक्रवारी येतोय. हो, तोच, ज्याच्यासाठी तुम्ही पांढरा शर्ट लाँड्रीतून इस्त्री करून आणला होतात. एकोणीस वर्षं अल्बम पडून होता, आणि तुम्हाला जाऊन अठरा झाली. आता कॅसेट नाही, सीडी नाही, सगळं थेट फोनवर येतं. एका नव्या, छोट्याशा कंपनीतल्या मुलीने आमच्या बँडची दोन जुनी गाणी कुठेतरी ऐकली आणि विचारलं, बाकीची कुठे आहेत? बाकीची अंधेरीला होती, आपल्या रेकॉर्डिस्टच्या कपाटात. त्याचे केस पिकलेत, पण गाण्यांची हार्ड डिस्क त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून जपून ठेवली होती. मी गेले तर आधी तुमच्याच डब्याची आठवण काढली त्याने.

रेकॉर्डिंगचा तो पहिला दिवस. कांजूरमार्गच्या कारखान्यातून तुम्ही रजा काढली आहे. घाटकोपरच्या डोंगरावरून आपण दोघं खाली उतरतोय, माझ्या पाठीवर गिटार, तुमच्या हातात दिमडी आणि डबा, आणि भेटेल त्याला तुम्ही सांगताय, "पोरीच्या गायनपार्टीत गायला चाललोय." गिटारला तुम्ही तुणतुण्याची मोठी बहीण म्हणायचात. ड्रम आणि गिटारवाल्या पोरांबरोबर मी आपली गाणी गाते म्हणून वस्तीत नाकं मुरडली जायची, तेव्हा तुम्हीच म्हणालात, गाणं आपलं हाय ना, मग वाजवणारा काय का वाजवंना. हेडफोन मात्र चढवू दिला नाहीत. "कानात बुचं मारून कुणी गातं का रे?" शेवटी तुम्ही नुसत्या दिमडीवर गायलात आणि बाकीची वाद्यं आम्ही नंतर चढवली. दुपारी त्या गारेगार खोलीत तुम्ही सुकटीचा डबा उघडलात. वास सगळ्या मजल्यावर पसरला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि रेकॉर्डिस्टने मांडी घालून तुमच्यातली अर्धी भाकरी खाल्ली.

गाणं तुमचंच, आजीवरचं. धरणाच्या कामावर खडी वाहणारी, आणि एके दिवशी घमेलं खाली टाकून तुम्हाला हाताला धरून शाळेत नेणारी आजी. चार कडवी. चौथ्यात रीतीप्रमाणे रचणाऱ्याचं नाव: अमका म्हणे, माय माझी शाळा. जयंतीच्या कार्यक्रमात कुणी नावाचं कडवं गाळलं की तुमचं डोकं फिरायचं. मी नववीत असताना गॅदरिंगला तीनच कडवी म्हटली, तर घरी आल्यावर चप्पल काढायच्या आत तुम्ही मला झापलंत. "शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव, त्याचं गाणं. नाव गाळायचं म्हंजी मालकालाच घराबाहेर काढायचं." मी खूप रडले होते. रडून अक्कल येत असती तर काय हवं होतं.

पहिल्या दिवशी तीन कडव्यांनंतर तुमचा आवाज बसला. चौथ्यासाठी पुढच्या आठवड्यात तुम्ही एकटेच गेलात. मला कुर्ल्याच्या ऑफिसात सुट्टी नव्हती, आणि तुम्हीही म्हणालात, तू येऊ नको, मी काय वाट चुकत नाय. मग गाणी कंपनीला द्यायची वेळ आली. तुमचं गाणं सात मिनिटांचं, बाकीची सगळी चार-साडेचारची. रेकॉर्डिस्ट गावी गेलेला. मी स्वतः कॉम्प्युटरवर बसले आणि चौथं कडवं उडवलं. ऐकलंसुद्धा नाही. लहानपणापासून पाठ होतं, त्यात ऐकायचं काय? मला कुणी कापायला सांगितलं नव्हतं, अण्णा. कॉलेजातली पोरंपोरी इतका वेळ थांबणार नाहीत असं मला वाटलं. आणि शेवटी असं नाव घेणं मला गावठी वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

रविवार सकाळ. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही ओट्याला टेकून पाटावर बसलाय, आणि मी कंपनीला दिलेल्या गाण्यांची नवी कोरी सीडी लावते. तिसरं कडवं होतं, गिटार वाजते, गाणं संपतं. तुम्ही माझ्याकडे बघताय.

"चौथं?"

"कंपनीने कापलं, अण्णा. वेळेत बसत नव्हतं."

"बरं," तुम्ही म्हणालात. "कंपनीपुढं आपलं काय चालणार." उठलात, पाणी प्यायलात. नंतर वस्तीभर सांगत फिरलात, पोरगी लय भांडली, पण कंपनीवाले ऐकंनात. त्या वेळी मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. पुढे कंपनीने अख्खा अल्बमच गुंडाळला. बँडमधली पोरं हमसून रडली आणि मला आतून हायसं वाटलं, निदान ते तुटकं गाणं बाजारात जाणार नाही म्हणून. वर्षभरात तुम्ही गेलात.

गेल्या महिन्यात डिस्क उघडली. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "अगं, चौथं कडवं आहे की इथे, मूळ रेकॉर्डिंगमध्ये." आधी तुमचं खाकरणं आलं, मग दिमडी, मग कडवं. आणि नावाच्या जागी माझं नाव. तुमचं तीन अक्षरी, माझं दोनच, म्हणून उरलेली जागा भरायला तुम्ही दुसरं अक्षर लांबवलंय. कडवं संपल्यावर माईक चालूच होता. रेकॉर्डिस्टचा तेव्हाचा कोवळा आवाज विचारतो, "अण्णा, नाव चुकलं. परत घेऊ या?" आणि तुम्ही म्हणता, "चुकलं नाय. आता तिचं गाणं हाय ते. तिला सांगू नको, ऐकताना कळू दे." त्या बिचाऱ्याने शब्द पाळला, आणि अल्बम बारगळल्यावर विसरूनही गेला.

मुलुंडच्या घरी आईला मोबाईलवर ऐकवलं. ती म्हणाली, "तरीच. त्या रविवारी ते गाणं कुठं ऐकत होते, तुझ्या तोंडाकडंच बघत होते." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. तुम्ही मला सगळ्यांत मोठी वस्तू दिलीत आणि मी ती न उघडता फेकून दिली, वर त्याचं खापर दुसऱ्यावर फोडलं.

आता गाणं पुरतं सात मिनिटांचं जातंय, तुमच्या खाकरण्यासकट. कंपनीतली मुलगी म्हणाली, खाकरणं काढू नका हं, प्लीज. शनिवारी अंधेरीला एका लहान हॉलमध्ये आम्ही पुन्हा वाजवणार आहोत. ड्रमवाल्याला पोट सुटलंय, मला चष्मा लागलाय, पण झकास जमतंय. हे पत्र कुठे पाठवायचं ते ठाऊक नाही, तुमच्या दिमडीच्या पिशवीत ठेवून देते.

एवढंच सांगायचं राहिलं. काल तालमीत चौथं कडवं आलं. रीतीप्रमाणे आता माझं नाव घ्यायचं, तुम्हीच तसं ठरवून गेलात. पण तोंडातून तुमचं आलं. तिन्ही अक्षरं बरोबर तालात बसली, काही लांबवावं लागलं नाही. ड्रमवाला थांबला. "नाव चुकलं का गं?"

"हो रे," मी म्हटलं, "चुकलं."

परत खोटं बोलले, अण्णा.