जिभेच्या उपासाचा तेविसावा दिवस

सदर, नागपूर
गुरुवार

प्रिय प्रेमलताताईस,

अनंतचा सलाम. (सलाम घालतो आहे तो तू वयानं मोठी आहेस म्हणून. मनातून घातलेला नाही, याची नोंद घ्यावी.) प्रभूच्या दयेनं माझी प्रकृती रक्तदाब सोडून ठीक आहे, आणि रक्तदाब का वाढला ते पुढे येईलच. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? कामठीतही ऊन तापलं असेल. दुपारी बाहेर पडू नकोस, आणि पडलीसच तर कुणाशी बोलू नकोस.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. कामठी काय, शेअर ऑटोत बसलं की आलीच, शिवाय खिशात फोन आहे, आणि हा माणूस पानं खरडत बसला आहे. कारण असं की मी उपासात आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी जिभेवर उपदेश केला. कमी बोलावं हे पटवायला त्यांना पंचावन्न मिनिटं लागली. घोड्याचा लगाम झाला, जहाजाचं सुकाणू झालं, एका ठिणगीनं अख्खं रान पेटवून झालं, आणि शेवटी स्तोत्रातली ती विनवणी, की देवा, माझ्या तोंडावर पहारा बसव. मग म्हणाले, यंदा मटण सोडू नका, कडू बोलणं सोडा. (मटण सोडायचं नाही हे ऐकून मंडळीला इतका आनंद झाला की पुढचं किती जणांनी ऐकलं कोण जाणे.) निघताना प्रत्येकाच्या हातात दोन चिठ्ठ्या दिल्या. पांढरीवर काय सोडणार ते लिहायचं, पिवळीवर मनातली प्रार्थना लिहून पेटीत टाकायची. पांढरीवर मी लिहिलं की चाळीस दिवस रागाचा एकही शब्द तोंडातून काढणार नाही. तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसानं हे लिहावं म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे. पण सुरुचीचं लग्न ठरलं होतं. मुलीच्या बापानं जरा गोड व्हावं असं मला मनापासून वाटलं. आज तेविसावा दिवस. तोंड उघडलं की राग बाहेर पडतो म्हणून मी ते शक्यतो उघडतच नाही. मात्र उपास जिभेचा आहे, हाताचा नाही, तेव्हा चष्मा लाव आणि वाच.

ताई, तुला लाज कशी वाटली नाही?

सुरुचीचा पहिला साखरपुडा तुझ्या घरी झाला, घरातल्या घरात. तीन महिन्यांनी त्या अनिशनं पुण्याहून अंगठी कुरिअरनं परत पाठवली, सोबत एक ओळसुद्धा नाही. पोरगी महिनाभर जेवली नाही. तेव्हा पोरीची आई होती, माझी कौशल्या होती. तू, मी आणि ती, अशा तिघांनी तुझ्या ओसरीवर बसून ठरवलं की हा विषय कुणाकडे काढायचा नाही. पुढे कौशल्या गेली. उरलो आपण दोघं. मी बोललो नाही, मग राहिलं कोण? हे काढायला मला बीजगणित लागत नाही. (मॅट्रिकला मी बीजगणितात नापास झालो हे माझ्याही आधी अख्ख्या मोहल्ल्याला कुणी सांगितलं होतं, तेही मी विसरलेलो नाही.)

आता काल काय झालं ते ऐक. बुधवारची घरोघरची प्रार्थनासभा काल माझ्याकडे होती. मी ती मुद्दाम मागून घेतली होती, कारण सावनेरहून भागीरथाबाई येणार होत्या, म्हणजे प्रज्वलच्या आई. मुलगा कोळसा खाणीत सर्वेअर आहे, शांत, सुरुचीला आवडलेला. येत्या रविवारी त्यांच्या लग्नाची पहिली घोषणा चर्चमध्ये मंडळीसमोर वाचायची होती. त्याआधी विहीणबाईंनी आमचं घर प्रार्थनेत पाहावं, एवढीच माझी हौस. शेजारून खुर्च्या आणल्या, आलूबोंडे आणले, कूलरमध्ये स्वतः पाणी भरलं. गीत झालं, वचन झालं, आणि प्रार्थनेला पुष्पलताबाई उभ्या राहिल्या.

पुष्पलताबाई तुला माहीत आहेत. प्रार्थनेत त्या कुणाचं नाव घेत नाहीत, ते बरं दिसत नाही म्हणतात. 'प्रभू, आमच्यातला एक भाऊ आहे, त्याच्या पिण्याची सवय तू जाणतोस, त्याची स्कूटर निळी आहे तेही तू जाणतोस.' प्रभू पूर्वीपासून जाणत असेल, मंडळीला मात्र ते त्याच क्षणी कळतं. आणि करणार काय? सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना खाली. देवाशी चाललेलं बोलणं मध्येच तोडायचं कसं?

तर काल बाई म्हणाल्या, 'प्रभू, या घरातल्या लेकरावर दया कर. दिनांक चौदा मे रोजी कामठी मुक्कामी तिचा जो प्रथम साखरपुडा झाला, व जो दिनांक वीस ऑगस्ट रोजी मुलाकडून मोडण्यात आला, ती जखम तू भरून काढ. आणि ही बाब सध्याच्या मुलाकडील मंडळींस अद्याप कळवलेली नाही, तरी तू योग्य तो मार्ग दाखव.'

ताई, बाईंना स्वतःच्या नातवाचा वाढदिवस आठवत नाही. त्यांच्याच्यानं इतकी मुद्देसूद प्रार्थना होणं शक्य नाही. कुणीतरी त्यांना टिपण पुरवलं आहे. तारखांसकट!

मी खाकरलो. बाई थांबल्या नाहीत. ओरडावं तर तेविसावा की बाविसावा जो काही दिवस होता तो मोडतो. म्हणून प्रार्थना संपावी या हेतूनं मी जोरात 'आमेन!' म्हणालो. बाईंना वाटलं, भाऊंना प्रार्थना लागली. त्यांनी 'प्रथम साखरपुडा' पुन्हा घेतला. मी आणखी जोरात 'आमेन!' म्हणालो, तर मागून अठरा जणांनी साथ दिली. एक डोळा किलकिला करून मी पाहिलं. भागीरथाबाईंचे दोन्ही डोळे सताड उघडे होते. सुरुची भिंतीकडे पाहत होती.

भागीरथाबाईंनी अर्धा आलूबोंडा बशीत ठेवला आणि 'रविवारचं जरा थांबवून ठेवा' एवढं बोलून बस गाठली. सुरुचीनं खोलीचं दार लावून घेतलं. आतून तिच्या रडण्याचा आवाज येत होता आणि मी बाहेर उरलेल्या आलूबोंड्यांपाशी बसलो होतो. तिची आई असती तर तिनं दार वाजवलं असतं. माझा हात वर गेला नाही, आणि त्याचाही राग मी तुझ्यावरच काढतो आहे, कारण दुसरं कुणी समोर नाही.

तुझ्या घशाखाली आजचं अन्न गेलं कसं? ईस्टरला आम्ही कामठीला येणार नाही. तुझा चकल्यांचा डबा धुऊन ठेवला आहे, कुणाच्या तरी हातून पाठवीन. पोरीचं लग्न मोडलं तर या जन्मी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. भाऊजींना नमस्कार, त्यांचा यात दोष नाही.

तुझा (नाइलाजानं) भाऊ,
अनंत

ता.क. (शुक्रवार सकाळ) : आत्ता पुष्पलताबाई येऊन गेल्या. पेटीतल्या पिवळ्या चिठ्ठ्या महिला संघ आपसात वाटून घेतो आणि ज्याची त्याची प्रार्थना करतो, हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो, पेटी पाळकसाहेब एकांतात उघडतात. बाई म्हणाल्या, "भाऊ, हे घ्या तुमची चिठ्ठी. एक बी मुद्दा सोडला नाही मी." अक्षर माझं. विषय, तपशील, तारखा, खाली सही. कौशल्या गेल्यापासून हे बोलायला घरात कुणी नव्हतं ताई, म्हणून देवाला लिहिलं, आणि दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं लिहायला मी कधी शिकलोच नाही. तरी वरील सर्व मजकूर रद्द समजावा. बीजगणिताचा सोडून. पत्र फाडणार नाही, मेहनत लागली आहे.

ता.क. २ : उद्या सकाळीच ये. भागीरथाबाईंकडे सावनेरला जायचं आहे, बोलणं तू कर, तुला ते जमतं. त्याआधी सुरुचीला सांग की चूक पप्पांची होती. माझा उपास आहे.

ता.क. ३ (संध्याकाळ) : पाकीट तुला आजच मिळावं म्हणून कामठीच्या ऑटोवाल्याच्या हाती द्यायला सुरुचीकडे दिलं होतं. चिकटवायचं राहिलं होतं. ते घेऊन ती परत आली, डोळे लाल, आणि म्हणाली, "पप्पा, आत्याले काहून बोलावून राहिले? मले तुम्ही सांगा ना. तोंडानं."

मी म्हणालो, "माझी चूक झाली." एवढ्यानं उपास मोडत नाही, ताई. या वाक्याला पहिल्या दिवसापासून मोकळीक होती.

मग तिनं सांगितलं की प्रज्वलला हे सगळं तिनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. लपवत होतो तो फक्त मी. तिनं माझ्यासमोर सावनेरला फोन लावला. भागीरथाबाई म्हणाल्या, "साखरपुडा मोडला त्याचं काही नाही वं पोरी. पण तुया बापानं मले काहून नाही सांगितलं? त्याइले म्हणा, इथं या अन् माह्यासमोर बोला." घोषणा या रविवारी नाही. पुढच्या रविवारी की कधीच नाही, ते उद्या ठरेल. उद्या मी बोलणार आहे. मी एकटाच.

तेव्हा तू बोलायला येऊ नकोस. पण ये. बसमध्ये माझ्या शेजारी बस.

आणि हे पत्र कामठीत कुणाला वाचून दाखवू नकोस. प्रार्थनेत तर मुळीच नको.